बारीक वायरीवरचा धवला

तुर्भे गावात हितेश मढवीकडे पेनड्राइव्ह घ्यायला जायचं म्हणजे हाताशी वेळ ठेवून जावं लागे. वस्तू हातात पडण्याआधी प्रवचन पदरात पडे. ‘कुठला देऊ, टू की थ्री?’ असं तो विचारी, आणि समोरचा बिचारा ‘कुठलाही द्या’ म्हणाला, की मासळी बाजारात येऊन कुणी ‘कुठलाही मासा द्या’ म्हणावं तसा हितेशचा चेहरा होई. मग तो स्टूल पुढे सरकवी, गिऱ्हाइकाला बसवी आणि यूएसबीचा सगळा वंश उलगडून सांगे.

यूएसबी वन म्हणजे गावातला जुना सार्वजनिक नळ, बारा मेगाबिटचा. हंडा भरेपर्यंत दोन भांडणं उरकून व्हायची. टू म्हणजे घरात आलेला नळ, चारशे ऐंशीचा. थ्री म्हणजे टँकरचा पाइप, एकदम पाच हजार. त्याच्या पोटी दहा हजारवाला आणि वीस हजारवाला जन्मले, आणि आता चाळीस हजारवाला फोर आलाय तो म्हणजे मोरबे धरणाची मेन लाइनच. एवढं सांगून तो थांबला तर गिऱ्हाईक सुटलं असतं. पण डब्यावरचा आकडा वेगळा आणि हातात पडतो तो वेगळा, हे सांगितल्याशिवाय त्याला चैन पडत नसे. चारशे ऐंशीला आधी आठाने भागायचं, कारण बिट निराळा आणि बाइट निराळा. आले साठ. त्यातले तीस-पस्तीस मिळाले तरी नशीब समजा. कंपन्यांनी थ्रीचं बारसं तीनदा केलं याचा तर त्याला मनापासून राग होता. आधी थ्री पॉइंट झीरो, मग थ्री पॉइंट वन जेन वन, मग थ्री पॉइंट टू जेन वन. पोर तेच, नावं बदलून लोकांच्या गळ्यात मारायचं.

घराच्या तळमजल्यावर त्याचा ‘जागृती डिजिटल स्टुडिओ’ होता. जागृती ही त्याची मुलगी, वाशीच्या कॉलेजात शिकणारी. वरच्या मजल्यांवर भाडेकरू, बहुतेक साताऱ्याकडचे, एपीएमसी मार्केटात माल उचलणारे. त्यांच्या मोबाइलमध्ये कीर्तनं आणि कुस्त्या भरून देण्याचं कामही हितेशच करी, आणि त्यांनाही सोडत नसे. दुकानात दोन कॉम्प्युटर शेजारी शेजारी मांडून, एकच फाइल एकीकडे टूच्या काळ्या पोर्टातून आणि एकीकडे थ्रीच्या निळ्या पोर्टातून पाठवून, तो शर्यत लावून दाखवी. त्याची खरी कर्तबगारी त्याच्याही पुढची होती. फाइल केवढी आणि वायर कुठली एवढं कळलं, की स्क्रीनकडे पाठ फिरवून तो सांगे, आता झालं बघ. आणि खरंच झालेलं असे. लोक तोंडात बोटं घालत. हितेश चहा मागवी. माणसाला एखादी गोष्ट येते आणि ती आपल्याला येते हे त्याला फारच माहीत असतं, तेव्हा त्याच्या जवळच्या लोकांनी जरा सांभाळून राहावं. पण हे शहाणपण मागाहूनचं.

पोट मात्र चालायचं ते लग्नाच्या शूटिंगवर. आगरी गावांत लग्नापेक्षा हळदीचा थाट मोठा. बँजो येतो, भिंतीएवढा एलईडी स्क्रीन लागतो, गावातली प्रत्येक टीम, प्रत्येक मंडळ वाजतगाजत एंट्री घेतं, आणि एंट्री घेतली की तिचा व्हिडिओ तिथल्या तिथे स्क्रीनवर दिसला पाहिजे असा हट्ट धरतं. हितेश ते देत असे. दुसरे शूटिंगवाले ‘उद्या बघू’ म्हणत. हितेश म्हणे, ‘नाचून घाम पुसेस्तोवर देतो.’ म्हणून पार उरणपर्यंत त्याला बोलावणं यायचं.

त्याच गावात, तळ्याच्या पलीकडच्या गल्लीत, सगुणा राहायची. हितेशच्या वडिलांची चुलतबहीण. तो तिला आते म्हणायचा. सगुणा धवलारीण. पूर्वी या खाडीकाठच्या गावांत लग्नं धवलारणी लावायच्या. भटजी नाही, पोथी नाही. बाई गाणार आणि त्या गाण्याच्या हुकमाने हळद लागणार, मांडव उभा राहणार, नवरी उठणार-बसणार. त्या गाण्याचं नाव धवला. आता भटजी येतात, डीजे येतात, धवलारणीला कोपऱ्यात खुर्ची मिळते, तरी जुन्या घरात तिच्याशिवाय कार्याला सुरुवात होत नाही.

सगुणा आतेचा धवला लांबलचक. सुरुवातीला देवांना आमंत्रणं, ती सगळ्याच धवलारणींना येतात. शेवटी हळद आणि आशीर्वाद, तेही येतात. पण मधला भाग तिच्या एकटीकडे होता. त्यात गाणं गावात शिरायचं आणि घराघराला, शेताशेताला, खाडीच्या बांधाबांधाला लग्नाचं बोलावणं करत हिंडायचं. कुठला बांध कुणाच्या राखणीत होता, कुठल्या उघाडीतून, बांधातल्या दारातून, भरतीचं पाणी आत घेत, कुठल्या मिठागरावर कुणाची आजी मीठ ओढायची, सगळी नावं ओळीने येत. त्या जमिनी गेल्याला जमाना झाला. तिथे आता ट्रक उभे राहतात, गोदामं आहेत, सेक्टर आहेत. ती नावं कुठल्याही पाटीवर नाहीत. सगुणा आतेला ती तिला शिकवणाऱ्या धवलारणीने दिली होती, आणि ती बाई केव्हाच गेली.

आतेची नात उन्नती, तिचं लग्न ठरलं तेव्हा आते स्वतः चालत स्टुडिओत आली. म्हणाली की या लग्नात धवला पहिल्यापासून शेवटपर्यंत गाणार, मधलं काही सोडणार नाही, आणि हितेशने तो सगळा उतरवून घ्यायचा. तिच्यानंतर कुणा पोरीला शिकावंसं वाटलं तर त्यातून शिकता येईल. हितेशने तिला स्टुलावर बसवलं, आणि नवा कॅमेरा, नवी कार्डं, हार्डडिस्क, सगळं दाखवलं. हार्डडिस्कची निळी, रुंद तोंडाची वायर तिच्या हातात देऊन हिच्यातून पाच हजारच्या स्पीडने जातं म्हणाला. तिने ती वायर उलटसुलट करून पाहिली आणि परत दिली. ‘आते, तू काय टेन्शन घेव नको,’ तो म्हणाला, ‘तुजा धवला मी जन्माचा ठेवून देतो.’

आणि शूटिंग त्याने केलंही झकास. हळदीच्या दिवशी, दुपारी, मांडवाला उंबराची फांदी लागली आणि आते बसली. हितेशने तिच्या पदराला माइक लावला, पंखे बंद करायला लावले, पोरांना दटावून लांब पिटाळलं. कानाला हेडफोन लावून त्याने तो मधला भाग आयुष्यात पहिल्यांदा सबंध ऐकला. एरवी त्या वेळेला तो जेवणाच्या पंगतीत असायचा. मध्येच मढवींच्या बांधाचं नाव आलं, त्याच्या आज्याचं नाव आलं. आपण काहीतरी मोठं काम करतो आहोत असं त्याला वाटलं. ते खरंही होतं.

संध्याकाळी मांडवाच्या मागच्या खोलीत त्याने लॅपटॉप मांडला. त्याच्याकडे दोन कार्डं होती. एक धवल्याने गच्च भरलेलं, दुसरं हळदीच्या एंट्र्यांनी भरत आलेलं. धवल्याचं कार्ड हार्डडिस्कवर रिकामं करायचं आणि रात्रीच्या नाचाला वापरायचं, असा हिशेब. निळी रुंद वायर लावून त्याने कॉपी सुरू केली. इतक्यात केतन आला. केतन म्हणजे गावच्या क्रिकेट टीमचा कॅप्टन. त्याच्या टीमची एंट्री नुकतीच झाली होती, तिचा व्हिडिओ हितेशने लॅपटॉपवर उतरवून घेतला होता, आणि तो केतनला स्क्रीनवर लगेच पाहिजे होता. बरोबर तो स्वतःची नवी कोरी एसएसडी डिस्क घेऊन आला होता, पण वायर घरी विसरला होता. एसएसडी हातात घेताच हितेशचे डोळे चमकले. थ्री पॉइंट टू, दहा हजारवाली. केतनसोबत टीमची दहा-बारा पोरं दाराशी उभी होती. त्यांच्यासमोर ही डिस्क पळवून दाखवायची संधी हितेश सोडता तर तो हितेश कसला.

एसएसडीला चालणारी वायर हितेशकडे एकच होती, हार्डडिस्कला लावलेली ती निळी, आणि लॅपटॉपला निळं पोर्टही एकच. मग त्याने धवल्याची कॉपी थांबवली आणि निळ्या पोर्टावर केतनची डिस्क लावली. हार्डडिस्कचं ते रुंद तोंड असतं ना, त्याच्या मोठ्या अर्ध्या भागात जुन्या मोबाइलच्या चार्जरची बारीक वायर चपखल बसते. डिस्क चालतेही. फक्त थ्रीची टू होते. टँकरच्या पाइपाला घरातला नळ जोडावा तशी. हे हितेशइतकं कुणालाच माहीत नव्हतं. त्याने तसली एक बारीक वायर हार्डडिस्कला जोडून दुसऱ्या, काळ्या पोर्टाला लावली, कॉपी पुन्हा चालू केली आणि तोंड पोरांकडे वळवलं. केतनचा व्हिडिओ बघता बघता डिस्कवर गेला, स्क्रीनवर लागला, बाहेर आरोळ्या उठल्या. पोरांनी हितेशला खांद्यावर घ्यायचं तेवढं बाकी ठेवलं.

थोड्या वेळाने बाहेरून हाका सुरू झाल्या. नवरीचा मामा हळद लावायला येत होता, आणि कॅमेऱ्यातलं दुसरं कार्ड भरून गेलं होतं. हितेश खोलीत धावला. लॅपटॉपचा स्क्रीन तोवर झोपून काळा पडला होता. तो जागा करायला बोट लावायचं, एवढंच काम. पण त्याने मनात हिशेब केला: फाइल एवढी, सुरू केल्याला इतका वेळ झाला, थ्रीची वायर, म्हणजे कधीच झालं असणार. हिशेब चोख होता. वायर थ्रीची नव्हती, एवढंच. ती त्याने स्वतःच्या हाताने बदलली होती आणि ते तो साफ विसरला होता. त्याने कार्ड उपसलं, कॅमेऱ्यात घातलं, फॉरमॅट करून कोरं केलं, आणि मामाचा नाच टिपायला धावला.

चूक कळली ती चार दिवसांनी, एडिटिंगला बसल्यावर. डिस्कवर धवल्याचे पहिले तुकडे होते, देवांच्या आमंत्रणापर्यंतचे. पुढच्या तुकड्याचं नाव दिसत होतं, तो उघडत नव्हता. त्यापुढे काहीच नव्हतं. हितेशला आधी वाटलं फोल्डर चुकला. मग त्याला बारीक वायर आठवली. कार्डावरून पुसलेलं परत मिळवण्याचं सॉफ्टवेअर त्याने लावून पाहिलं. महापेला एका लॅबमध्ये कार्ड घेऊन गेला. तिथल्या माणसाने सांगितलं की ज्या जागी जुना व्हिडिओ होता त्याच जागेवर नवा बसला आहे, आता ते ब्रह्मदेवालाही काढता येणार नाही. नवा म्हणजे मामाचा नाच.

इथपर्यंत चूक. चूक कुणाच्या हातून होत नाही? त्या दिवशी हितेश तळ्याला वळसा घालून आतेकडे गेला असता, पायरीवर बसून म्हणाला असता की आते, माझ्या हातून गेलं, पुन्हा गा. तर आतेने चार शिव्या घातल्या असत्या, चहा पाजला असता आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा गायली असती. गाणं तर तिच्या डोक्यात जसंच्या तसं होतं. पण ज्याने अख्ख्या गावाला स्पीड शिकवली, त्याने वायर विसरून कार्ड पुसलं, हे बोलायला हितेशची जीभ उचलेना. केतनला कळलं तर? त्या टीमच्या ग्रुपवर गेलं तर? त्या विचारानेच त्याचे कान तापत.

मग आतेच एक दिवस आली. त्याने घाईघाईने सुरुवातीचा तुकडा लावला. आतेने स्वतःला पाहिलं, डोक्यावरचा पदर सारखा केला, आणि विचारलं, ‘म्होरला?’

‘म्होरला उतरतंय, आते,’ हितेश म्हणाला. एकदा तोंडातून गेलं, आणि मग त्याची विद्याच त्याच्या मदतीला धावली. धवला लय मोठा आहे, वायर जुनी, टू पॉइंट झीरोची, तिच्यातून बारीक धार येते. त्यात मशीनला एवढं लांबलचक एका दमात झेपत नाही, वेळ लागतो. यातलं एक एक वाक्य सुटं घेतलं तर खरं होतं, आणि म्हणूनच ते खोटं फार चांगलं जमलं. आतेने मन लावून ऐकलं. तिला वायर आठवत होती, ती निळी होती असंही ती म्हणाली. हितेश म्हणाला, ती खराब झाली. तिने मान डोलावली आणि जाता जाता विचारलं की धवला फार लांब होता म्हणूनच अडकला ना? हितेश म्हणाला, ‘तसाच काय तरी.’

त्यानंतर ती जिथे भेटे तिथे विचारी. तळ्यावर, गणपतीत, कुणाच्या मयताला. विचारण्यात तगादा नसे. आजारी माणसाची चौकशी करावी तशी विचारी. ‘उतरला का र, पोरा?’ हितेश म्हणे, उतरतंय. पहिल्या पावसाळ्यात सर्दीने मशीन बंद आहे म्हणाला. दिवाळीत नवीन वायर मागवली आहे म्हणाला. प्रत्येक वेळी ती ‘बरं’ म्हणे, आणि ते बरं ऐकून त्याला अंगावरचे कपडे ओरबाडून काढावेसे वाटत. चिडली असती, भांडली असती तर सोसलं असतं. ती त्याच्यावर विश्वास टाकून पुढे चालू लागायची, हेच सोसवत नसे.

मग त्याने रस्ते बदलले. तळ्याच्या गल्लीने जाणं सोडलं. स्टेशनला जायचं तर हायवेकडून फेरा मारू लागला. ज्या लग्नात सगुणा आते गाणार त्या लग्नाची ऑर्डर तो घेईनासा झाला. खारघर, उलवे, पनवेल. जितकं लांबचं काम तितकं बरं. गावात लोक म्हणू लागले की हितेशशेठ मोठा झाला, आता गावची लग्नं त्याला नको झाली. तेही त्याने ऐकून घेतलं. दुकानातली शर्यत बंद झाली. कुणी पेनड्राइव्ह मागितला की तो मुकाट्याने काढून देई. गिऱ्हाइकंच चुकचुकत, हितेशशेठ आज बोलले नाहीत.

अशा दोन लग्नसराया गेल्या. आणि एक दिवस जागृती कॉलेजातून आली ती थेट स्टुडिओत. वर्गातल्या मैत्रिणीशी तिचं बोलणं झालं होतं, मैत्रीण आपल्या आजीची गाणी जमवत होती, आणि जागृतीच्या मनात आलं की आपल्याकडे तर धवला आहे, आपण तो शिकू. ती परस्पर आतेकडे जाऊनही आली होती. आतेला इतका आनंद झाला की तिने पोरीच्या हातावर गूळ ठेवला. पण शिकवायला बसली नाही. म्हणाली, आता मी गाते तो बारका. खरा धवला, सगळा, तुझ्या बापाकडे उतरतो आहे. तो आला की त्यातून शीक, तिथे एक अक्षर सुटलेलं नाही.

‘पप्पा, अजून कॉपीच चालू हाय?’ जागृतीने विचारलं. तिच्या आवाजात काही नव्हतं, साधा प्रश्न होता. पण ती याच दुकानात लहानाची मोठी झालेली पोर. टूचे पस्तीस आणि थ्रीचे चारशे तिला पाढ्यांसारखे पाठ होते. तिने बापाकडे पाहिलं आणि तिचा चेहरा हळूहळू बदलत गेला. हितेशने मान खाली घातली. लोकांपुढे फजिती होईल म्हणून तो दोन वर्षं पळत होता, आणि झाली ती स्वतःच्या लेकीपुढे. कॅमेऱ्याची बॅग तिनेच उचलली आणि दाराशी जाऊन उभी राहिली.

दुपार होती. सगुणा आते ओट्यावर सुकट निवडत बसली होती. हितेशला पाहून तिला नवल वाटलं, तिने सुपातून हात काढून पदराला पुसले आणि चटई पुढे ओढली. तो चटईवर बसला नाही. खाली जमिनीवर बसला आणि तिच्याकडे न बघता बोलला.

‘आते, धवला गेला. त्याच दिवशी गेला. मीच पुसला, चुकून. उतरतंय बोल्लू ते सगला खोटा होता.’

आतेने विचारलं की त्यात दिसली ती कोण मग, मीच होते ना? हितेशने सांगितलं की तेवढाच तुकडा वाचला, देवांचा. पुढचं काही नाही. हितेशला वाटलं आता ती ओरडेल, आणि ओरडावं असं त्याला फार वाटत होतं. पण ती म्हणाली, ‘तवाच सांगायचास, येरा. मी काय खाल्ला असता तुला?’ आणि सूप बाजूला ठेवून उठली, तोंड धुऊन आली, डोक्यावर पदर घेतला. गाते म्हणाली. आताच गाते, पोरगी आली आहे, घे उतरून.

हितेशच्या छातीवरचा दगड हलला. त्याने तिवई लावली, दोन कार्डं घातली, माइक तिच्या पदराला लावला. या वेळेला चूक होणार नव्हती. जागृती समोर मांडी घालून बसली, वही न घेता, नुसती ऐकायला. आतेने डोळे मिटले आणि देवांना बोलावलं. आवाज जरा चिरका झाला होता, पण पक्का होता. देव सगळे आले. गाणं गावाच्या वेशीत शिरलं, पहिल्या घराशी गेलं, दुसऱ्या घराशी गेलं, आणि मग एकदम हळदीवर आलं. आते थांबली. डोळे मिटूनच तिने मान हलवली, चुकलं म्हणाली, आणि पुन्हा वेशीपासून सुरुवात केली. पहिलं घर. दुसरं घर. ओठ हलले, शब्द आला नाही. तिने बोटांवर काहीतरी मोजलं. मग गाणं पुन्हा आपोआप हळदीवर गेलं.

‘आते, बांध येतात ना आता?’ हितेशने हळूच विचारलं. ‘आमचा बांध. माजे आज्याचा.’

‘येतात र,’ ती म्हणाली. ‘येतात. थांब जरा.’

ओट्यासमोरून एक टेम्पो भाजीच्या क्रेट घेऊन गेला. तिने डोळे उघडले तेव्हा ती हितेशकडे बघत नव्हती, खाली चटईकडे बघत होती.

‘तू बोल्लास ना, मशीनला झेपत नाय यवरा मोठा,’ ती म्हणाली. ‘म्हनून मी त्याला बारका केला. दुसरे कुनाचे मशीनला तरास नको. दोन वर्सा बारकाच गायला. मधला सोरून दिला.’ मग म्हणाली, ‘तुजेकडं सगला हाय, म्हनून मी नाय ठेवला र. आता कुठशी आनू?’

कार्ड पुसलं तेव्हा गेला होता तो एक व्हिडिओ होता. धवला त्या दिवशीही जिवंत होता, त्याच्या घरापासून हाकेच्या अंतरावर, तळ्यापलीकडे. तो गेला तो नंतर. दर वेळी ‘उतरतंय’ म्हणताना थोडा थोडा. आणि नेला तो त्यानेच. हे त्याला एकदम कळलं, आणि कळल्यावर लाजेने त्याला मान वर करता येईना. जागृती बापाकडे बघत होती. आता तरी तिने दुसरीकडे बघावं असं त्याला वाटलं.

आतेने हात लांब करून त्याच्या गुडघ्यावर ठेवला. ती आणखी जवळ सरकली आणि आवाज अगदी खाली आणून, पोरीला ऐकू जाऊ नये अशा बेताने म्हणाली, ‘गावात बोलू नको हां, पोरा. धवलारीन धवला इसरली म्हनतील.’ तिचे डोळे भरले होते आणि ती ओशाळून हसत होती.

‘आते, लाज तुला कशाला,’ तो म्हणाला, ‘सगला माजेमुलं—’ आतेने त्याला हाताने गप्प केलं, पदर सारखा केला आणि कॅमेरा चालू आहे का विचारलं. चालू होता. तिने पुन्हा डोळे मिटले आणि देवांना बोलावू लागली. वेशीशी आली तसा तिचा आवाज भीत भीत बारीक झाला. हितेश जमिनीकडे बघत बसून राहिला. पहिलं घर झालं, दुसरं घर झालं, आणि पुढे नुसत्या तिच्या श्वासाचा आवाज कार्डावर उतरत राहिला.